रसेल-विनिमय (१९५६) : एका व्यवहाराचे पुनर्मूल्यांकन

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात एप्रिल १९५६ मधील एक विनिमय सेंट लुईसच्या हॉक्स संघाची घोडचूक म्हणून ओळखला जातो. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत हॉक्सचा क्रमांक दुसरा होता. त्या क्रमांकावर मिळणाऱ्या बिल रसेलवरील हक्क हॉक्सने बॉस्टनच्या सेल्टिक्स संघास दिला व मोबदल्यात एड मकॉली आणि क्लिफ हेगन यांना घेतले. रसेलच्या तेरा हंगामांत बॉस्टनने ११ अजिंक्यपदे जिंकली. तेव्हा या लोकमतास आधार नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु व्यवहाराचे माप केवळ परिणामांवरून घेणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरते.

तत्कालीन परिस्थिती पाहता हॉक्सचा निर्णय अविचारी दिसत नाही. मकॉली हा मूळचा सेंट लुईसचाच. १९५१ च्या पहिल्या तारांकित सामन्यात तो सर्वोत्कृष्ट ठरला होता. मुलाच्या गंभीर आजारामुळे त्यालाही स्वगृही परतावयाचे होते. हेगन नुकताच लष्करी सेवेतून मुक्त झाला होता. उलट रसेल मेलबर्नच्या ऑलिंपिक स्पर्धेमुळे डिसेंबरपूर्वी उपलब्ध होणार नव्हता. पुढील पाच हंगामांत हॉक्सने चार वेळा अंतिम फेरी गाठली. १९५७ मध्ये सातव्या सामन्यात दोन जादा डावांनंतर बॉस्टनने त्यांना १२५-१२३ असे हरविले. १९५८ मध्ये मात्र हॉक्सच अजिंक्य ठरले. त्या मालिकेत रसेल घोट्याच्या दुखापतीने जायबंदी झाला होता, हेही विसरता कामा नये.

तथापि खरा प्रश्न मोजमापाचा आहे. त्या काळी खेळाडूची योग्यता मुख्यतः त्याने मिळविलेल्या गुणांवरून ठरविली जाई. रसेलचे सामर्थ्य बचावात होते. प्रतिपक्षाने टोपलीकडे फेकलेला चेंडू तो हवेतच अडवी आणि तोही बहुधा आपल्याच सहकाऱ्याच्या हाती जाईल अशा रीतीने. अशा अडवणुकींची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे त्याच्या श्रेष्ठ गुणाचा आकडा अधिकृत दप्तरात कोठेच नाही. बॉस्टनचे प्रशिक्षक रेड आउअरबाख यांनी हे मोल आकड्यांवाचून ओळखले.

सारांश, हॉक्सने जे मोजले ते बरोबर मोजले होते. चूक झाली ती जे मोजले जात नव्हते, त्याच्या बाबतीत.