छावणी उठली, कलम राहिले

हिंगोली म्हटले की आपल्याला संत नामदेवांचे नरसी आठवते, औंढा नागनाथ आठवतो. तेथे एकेकाळी लष्करी छावणी होती, हे मात्र विस्मरणात गेले आहे. निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज तेथे तळ ठोकून असे. १९०३ साली ती भारतीय सैन्यात सामावली गेली. छावणी उठली, परंतु इंग्रजी अमलाने शिपायाला शिकविलेली शिस्तीची भाषा उठली नाही.

१८६० च्या दंडविधानातील ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविले. स्वतंत्र भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमातही तोच सूर उमटला. त्याचे ४६ वे कलम ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लांच्छनास्पद वर्तनास सात वर्षांपर्यंत कारावास सांगते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. नागरिकाच्या खांद्यावरचे ओझे उतरले, शिपायाच्या खांद्यावरचे राहिले. कारण संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदानुसार सैन्याच्या शिस्तीसाठी मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही सैन्यात हे चालू देणार नाही, असे स्पष्ट केले.

शिस्तीची ही काळजी आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पण अनुभव काय सांगतो? ज्या ब्रिटनकडून ही भाषा आली, त्यानेच युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या १९९९ च्या निकालानंतर जानेवारी २००० मध्ये समलिंगी सैनिकांवरील बंदी उठविली. त्यामुळे त्याचे सैन्य मोडले नाही. आपल्या मराठवाड्यात, बीडच्या पोलीस दलात स्त्री म्हणून भरती झालेल्या ललित साळवे यांनी २०१८ मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहिले. तो प्रश्न निराळा, दलही निराळे; तथापि गणवेशात माणसासाठी जागा करता येते, एवढे त्यातून दिसले.

ख्रिस्तसभेने विवाहाविषयीची आपली शिकवण सोडलेली नाही. तरीही १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ समलिंगी व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करण्यास सांगतो आणि अन्याय्य भेदभावापासून दूर राहण्यास बजावतो. शिकवण एक आणि शिक्षा दुसरी, हा विवेक आपण राखला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतूनही मुले सैन्यात जातात. त्यांतील एखादा आज सीमेवर पहारा देत असेल आणि मनातील ही एक गोष्ट आईलाही सांगू शकत नसेल. त्याच्या पहाऱ्यात काही उणे नसेल, तर त्याच्या मनात कायद्याचे भय का असावे?