तळटीप ३७ : छोटा भागीदार

३७. उल्लेख पश्चिम जर्मनीतील फ्री डेमोक्रॅटिक पार्टीचा (एफडीपी) आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेला हा उदारमतवादी पक्ष मतांच्या हिशेबात कायम लहान राहिला, पण दोन मोठ्या पक्षांपैकी एकालाही सहसा स्वबळावर बहुमत मिळत नसल्याने सत्तेचा काटा बहुधा त्याच्याच हाती असे. १९६९ पासून तो सोशल डेमोक्रॅटांसोबत सरकारात होता. पक्षाचे अर्थमंत्री लाम्ब्सडॉर्फ यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये सामाजिक खर्चात कपात सुचवणारे टिपण मांडले आणि आघाडी मोडली. तेथील राज्यघटनेच्या ६७ व्या कलमानुसार नुसता अविश्वास ठराव चालत नाही. त्याच मतदानात नवा चॅन्सलर निवडावा लागतो. एफडीपीने बाजू बदलल्याने १ ऑक्टोबरला सोशल डेमोक्रॅट चॅन्सलर हेल्मूट श्मिट गेले, विरोधी पक्षाचे हेल्मूट कोल आले. एफडीपीचे परराष्ट्रमंत्री गेन्शर मात्र दोन-तीन आठवड्यांत नव्या सरकारातही त्याच खात्यावर परतले!

लेखकाने याला ‘दगाबाजी’ म्हटले आहे. ते अर्धेच खरे. आर्थिक धोरणावरचे मतभेद जुने आणि उघड होते. शिवाय ५ टक्के मतांची अट असलेल्या निवडणूक पद्धतीत लहान पक्षाला मोठ्याच्या सावलीत विरघळून जाण्याची भीती असतेच. किंमतही चुकवावी लागली : सरचिटणीस फरहॉइगन यांच्यासह अनेकांनी पक्ष सोडला आणि मार्च १९८३ मध्ये मते १०.६ वरून ७ टक्क्यांवर आली. सत्तेतली जागा तेवढी १९९८ पर्यंत टिकली.

— संपादक