मनिऑर्डरीची पोच

टपालखात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतला पगार जावळी-पाटणच्या खोऱ्यांत जाऊ लागला. पैसे मिळाले की उलट टपालाने पोच येई. तीवर आईचा अंगठा असे आणि तिथल्या टपालकचेरीचा शिक्का. १९६० च्या सुमारास कोयनेला धरण झाले. वीज मुंबईला मिळाली. गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली, माणसे ठाणे, सांगली, सोलापूरकडे पांगली. सरकारी दप्तरात उरले ते ‘बुडीत क्षेत्र’. आम्ही जुन्या कामगारांच्या ट्रंका धुंडाळतो, त्या या पोचांसाठी. शिक्क्यावरून टपालकचेरी कळते. अंगठा सांगतो, इथे माणसे नांदत होती. ताम्रपट जपतात, तशी घरातली ही पोच जपा. रद्दीत घालू नका.