मद्रासच्या लाटा आणि बांधलेली लाकडं

गेटवेहून मांडव्याला आपण कॅटामरानने जातो. वरच्या डेकवर बसून वेफर्स खाताना आणि सीगल्सचे फोटो काढताना 'कॅटामरान' हा शब्द कुठून आला याचा विचार सहसा कुणी करत नाही. ऐकायला फ्रेंच-बिंच वाटतो, पण आहे तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड किंवा लाकूड. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. चार-पाच ओंडके दोरीने एकत्र बांधायचे, बस्स. आज ज्या दोन सांगाड्यांच्या ऐसपैस बोटीला आपण कॅटामरान म्हणतो, तिच्याशी या ओंडक्यांचं नातं नावापुरतंच उरलंय. १६९७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विल्यम डँपियरने हा शब्द वापरला, आणि मग तो इंग्रजीत जो शिरला तो शिरलाच.

या शब्दाच्या मागे लागलो त्याला कारण वेगळं होतं. प्रोजेक्टच्या निमित्ताने काही काळ चेन्नईत होतो. तिथे ईस्ट कोस्ट रोडवर कोवळम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे (केरळातलं कोवळम वेगळं). तिथे सर्फिंग आणि स्टँड-अप पॅडलिंग शिकवतात. लांबलचक फळीवर उभं राहायचं, हातात लांब दांड्याचं वल्हं घ्यायचं आणि निघायचं. शांत पाण्यात हे कुणालाही तासाभरात जमतं. खरी गोम आहे ती किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमधून पलीकडे जाण्यात. आणि शिकवणारी पोरं बहुतेक तिथल्याच कोळ्यांची. ती ज्या सहजतेने पलीकडे जातात ते बघून वाटतं, की हे ज्ञान दहा-पंधरा वर्षांचं नसणार.

ते तसं नाहीच. या ज्ञानावर एक अख्खं शहर उभं राहिलंय. ती गोष्ट सांगण्याआधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, थोडंच आहे :-)

भर समुद्रातली लाट म्हणजे पुढे जाणारं पाणी नव्हे. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. किनारा जवळ आला, तळ उथळ झाला, की लाटेचा वेग मंदावतो आणि उंची वाढते. उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते. आता मात्र पाणी खरोखरच पुढे धावतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. मीटरभर उंचीची फुटलेली लाट आडव्या होडीवर आदळते तेव्हा काय होत असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून पहिला नियम, आडवं व्हायचं नाही. फळीचं नाक लाटेच्या बरोब्बर समोर हवं. दुसरा नियम वेळेचा. लाटा सारख्या अंतराने सारख्या उंचीच्या येत नाहीत, मोठ्या लाटांचा एक जथा येतो आणि मग थोडी उसंत मिळते. बाहेर थांबून ती उसंत ओळखायची आणि निघायचं. तिसरा नियम सगळ्यात अवघड, कारण तो मनाविरुद्ध आहे. लाट समोर आली की थांबायचं नाही, उलट जोर वाढवायचा. शेवटच्या क्षणी वजन मागच्या पायावर घ्यायचं, नाक वर उचलायचं, आणि लाट खालून जाते तोच वल्हं तिच्या पाठीवर रोवून स्वतःला पलीकडे ओढायचं. घाबरून थांबलात तर वेग गेला, वेग गेला की फळी आडवी झाली, आणि मग...

आपल्याकडच्या समुद्राच्या गोष्टींत हा प्रकार फारसा येत नाही. त्याला कारण कोकणाचा भूगोल आहे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, सगळी जुनी बंदरं खाडीच्या तोंडाशी किंवा आडोशाला. मुंबईला तर आयतंच नैसर्गिक बंदर. होडी शांत पाण्यातून निघते आणि हळूहळू समुद्राला भिडते. कोरोमंडल किनाऱ्याचं तसं नाही. तिथे मैलोन् मैल सरळसोट वाळू, आडोसा नाही, आणि वाळूच्या बुडालेल्या दांड्यांवर एकामागोमाग फुटणाऱ्या लाटांच्या दोन-तीन रांगा.

आणि नेमक्या अशा ठिकाणी ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली जागा मिळवली आणि फोर्ट सेंट जॉर्ज बांधायला घेतला! कापडाच्या व्यापारासाठी जागा सोयीची होती, बंदर म्हणून मात्र ती शून्य होती. जहाजं मैल-दोन मैल लांब नांगर टाकून उभी राहत. तिथून किनाऱ्यापर्यंत प्रत्येक माणूस, कापडाचा प्रत्येक गठ्ठा, चांदीची प्रत्येक पेटी लाटांमधूनच यायची आणि लाटांमधूनच जायची. दोन-पाच वर्षं नव्हे, दोनशेहून अधिक वर्षं.

गोऱ्यांच्या जहाजांवर स्वतःच्या होड्या नव्हत्या का? होत्या की! ओक लाकडाच्या, खिळ्यांनी ठोकलेल्या, मजबूत. आणि तीच तर अडचण होती. ताठ सांगाड्याची, खाली कणा असलेली होडी लाटेने उचलून वाळूवर आपटली की तिला वाकता येत नाही. मग ती फुटते.

तिथल्या नावाड्यांची होडी वेगळी होती. तिचं नाव मसुला. साधारण ३० ते ३५ फूट लांब, खोल पोटाची, आत बरगड्या नाहीत, एकही खिळा नाही. फळ्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या आणि सांध्यांत काथ्या-गवताची भर. तळावर आपटली की ती कचकन वाकते आणि पुन्हा सरळ होते. शिवण सैल झाली तर ती पुन्हा शिवायची. पाणी आत झिरपायचंच, ते उपसायला माणूस ठेवलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम फेल्युअर टाळण्यासाठी डिझाइन केलेली नव्हती. थोडंथोडं फेल्युअर सोसत चालू राहण्यासाठी केलेली होती. (शिवलेली जहाजं हे आपल्याकडचं फार जुनं तंत्र. गोव्यात शिवून बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालं.)

मसुला चालवायला आठ-बारा वल्हेकरी आणि मागे उभा असलेला सुकाणूवाला. सगळा खेळ या माणसाच्या हाती. लाटा फुटण्याच्या रांगेआधी तो होडी रोखून धरायचा. जथा निघून गेला की ओरडायचा, वल्हेकऱ्यांच्या गाण्याची लय एकदम चढायची आणि होडी सुटायची. वर सांगितलेले तिन्ही नियम इथे आलेच, फक्त एका माणसाऐवजी दहा-बारा माणसांच्या शरीरांत वाटलेले.

आणि मसुलाच्या शेजारी अनेकदा कट्टुमरम. मसुला उलटली तर बुडणाऱ्या साहेबाला ओढून काढायला. अशी माणसं वाचवणाऱ्यांना पदकं दिली जात. मसुलाही जाऊ शकणार नाही इतका समुद्र खवळला, की जहाज आणि किल्ला यांच्यातलं एकमेव कनेक्शन म्हणजे कट्टुमरमवरचा माणूस. डोक्यावर विणलेली टोकदार टोपी, तिच्यात कोरडी राहिलेली पत्रं. लाटेने ओंडक्यांवरून फेकला गेला तर पोहून परत चढायचा आणि पुढे निघायचा. उलटण्यासारखं काही नाही, बुडण्यासारखं काही नाही, पाणी साचायला जागाच नाही. ओंडक्यांच्या फटींतून आलं तसं निघून जातं. गुडघ्यांवर बसून किंवा उभं राहून, हातात एक चपटं वल्हं... स्टँड-अप पॅडलिंग करणाऱ्याला हे चित्र ओळखीचं वाटेल.

या सगळ्याचा इतिहासावर काय परिणाम झाला? १७४६ च्या सप्टेंबरमध्ये ला बूर्दोनेने फ्रेंचांसाठी मद्रास जिंकलं. पुढच्याच महिन्यात वादळ आलं आणि उघड्यावर नांगरलेल्या त्याच्या आरमाराची वाताहत झाली. पुढे डिसेंबर १७५८ मध्ये लालीने शहराला वेढा घातला. तो उठला फेब्रुवारी १७५९ मध्ये, इंग्रजांची जहाजं क्षितिजावर आली तेव्हा. पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'आरमार आलं आणि मद्रास वाचलं'. पण मद्रासला आरमार यायचं म्हणजे मैलभर लांब येऊन थांबायचं. त्यापुढचा मैल शाळेच्या इतिहासात नसतो. तो मैल कुणाच्या हातात होता, हे आता तुम्हाला माहीत आहे.

कंपनीलाही ते चांगलंच माहीत होतं. म्हणून नावाड्यांचे दर ठरवून देणं, त्यांच्यावर नियम लादणं, माल चोरल्याचे आरोप करणं हे चालूच राहिलं. ज्याच्यावाचून अडतं त्याच्यावर विश्वास मात्र नाही. (हे आयटीतल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको.) आणि एवढ्या दोनशे वर्षांत गव्हर्नरांची नावं रस्त्यांना मिळाली, पुतळे उभे राहिले, पण त्या सुकाणूवाल्यांपैकी एकाचंही नाव सामान्य वाचकापर्यंत आलेलं नाही.

शेवटी इंजिनीअर लोकांनी लाटाच काढून टाकायचं ठरवलं. १८६१ साली लोखंडी खांबांवरचा धक्का समुद्रात नेला, पण वादळांनी त्याचं नुकसान केलं. मग दगडी बांध घालून कृत्रिम बंदर. १८७५ च्या डिसेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिला बसवली. काम पुरं होत आलं आणि १२ नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने बांध फोडून टाकले. पुन्हा बांधले. तरी पूर्वेकडच्या तोंडातून लाटा आत येतच राहिल्या, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रान्सिस स्प्रिंगच्या काळात, तोंड ईशान्येकडे वळवलं. तेव्हा कुठे जहाज धक्क्याला निवांत लागू लागलं. मसुलाची गरज संपली.

गोष्ट इथे संपायला हवी, पण समुद्राचं अकाउंटिंग पक्कं असतं. या किनाऱ्यावर लाटा वर्षभरात एकूण वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतात. मधेच समुद्रात बांध घातल्यावर वाळू दक्षिणेला अडून साचू लागली. चेन्नईचा मरीना बीच एवढा रुंद दिसतो तो त्यामुळे. आणि उत्तरेला, रोयापुरम आणि त्यापुढे, वाळू यायचीच थांबली. किनारा खचू लागला, घरं समुद्रात गेली, आणि तो थोपवायला दगडांच्या भिंती घालाव्या लागल्या. हा उत्तरेकडचा किनारा मच्छीमारांचा.

स्टँड-अप पॅडलिंगचा इतिहास शोधाल तर तो हवाईपासून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या मध्यात वायकिकीचे बीचबॉईज फळीवर उभं राहून वल्हवायचे, मग २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामाने तो प्रकार पुन्हा लोकप्रिय केला. ते खरंच आहे, आणि आजची फळी तिथूनच आली. कट्टुमरम हा तिचा पूर्वज वगैरे दावा मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याकडे येणाऱ्यांचे फोटो निघतात, सिनेमे निघतात. लाट ओलांडून बाहेर जाणाऱ्यांचे निघत नाहीत. पण पोट भरायला बाहेरच जावं लागतं.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या इंजिनवाल्या होड्या झपाट्याने वाढल्या, लाकडी कट्टुमरम कमी होत गेले. लाटा ओलांडण्याचं कसब मात्र फायबरच्या होडीलाही लागतंच, आणि कोवळमची पोरं आता ते वीकेंडला आलेल्या आपल्यासारख्यांना फी घेऊन शिकवतात. छान आहे, त्यांनी जरूर घ्यावी. उत्तर चेन्नईत मात्र जिथे जिथे दगडांची भिंत आहे, तिथे हा प्रश्नच उरलेला नाही. होडी पाण्यात ढकलायला आधी वाळू लागते.