बारवेच्या पायऱ्या, मे १९८४

औरंगाबादच्या बसस्थानकावरून निघालेला लाल डबा तुम्हाला एका आडवळणाच्या फाट्यावर सोडून धूळ उडवत निघून जातो. पाटीवर ‘छत्रपती संभाजीनगर’ यायला अजून जवळजवळ चार दशकं आहेत. हातातली प्लास्टिकची बाटली पिशवीत टाका; इथं विकतचं पाणी कुणी पाहिलेलं नाही.

गावात शिरताच खटकतं ते हे की धडधाकट माणसं लिंबाखाली पाय लांब करून बसलीत. मृग तोंडावर आलाय, नांगरट अर्धी पडलीय.

“बसा, पाव्हणं,” म्हणत एक आजी बाज पुढं सरकवतात. त्यांच्या घोट्याजवळचा फोड फुटलाय. त्यातून शेवईसारखं पांढरं काहीतरी बाहेर आलंय आणि काडीला गुंडाळलेलं आहे. नारू नावाचा कृमी. रोज सकाळी काडीला हलकासा पीळ द्यायचा. जेवढा सुटेल तेवढा घ्यायचा. अख्खी मादी मीटरभरही लांब असते, त्यामुळे कित्येक आठवडे हेच चालतं. “वढायचा न्हाई. तुटला की पाय सुजतो, पू व्हतो,” आजी सांगतात. गोळी, इंजेक्शन, लस? तुम्ही ज्या काळातून आलात तिथंही यातलं काही नाही.

आता बारवेत उतरा. पायऱ्या देखण्या आहेत, दगड झिजून गुळगुळीत झालाय. उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलंय. शेवटच्या पायरीच्याही पुढं, घोटाभर पाण्यात उभ्या राहून बायका घागरी बुडवताहेत. एकीच्या पायाला चिंधी आहे. गार पाण्यानं फोडाची आग शमते, म्हणून ती जरा जास्तच वेळ थांबते. नेमकी तेवढ्यात मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव त्या गिळतात, साधारण दोन आठवड्यांत अळी पक्की होते आणि मग घागरीतून माणसाच्या पोटात जाते. पुढं वर्षभर काही कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात प्यायलेलं पाणी या उन्हाळ्यात पायातून निघतं, बरोबर पेरणीच्या वेळी. जीव सहसा जात नाही. हंगाम जातो, आणि हंगाम गेला की सावकार येतो.

औरंगाबाद शहरात मात्र मलिक अंबरची नहर सतराव्या शतकापासून जमिनीखालून पाणी आणत आली. तिथं पाय बुडवायची सोयच नव्हती.

वर आलात की आजी तांब्या पुढं करतात. नाही म्हणणं बरं दिसत नाही. “गाळलंय का?” एवढं विचारा.

“गाळलंय, बाबा. दवाखान्याचं पोरगं आलं व्हतं, दुहेरी फडकं बांधा म्हनलं.”

ते पोरगं म्हणजे आरोग्यसेवक. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम नुकताच सुरू झालाय. या वर्षी देशभरात सुमारे ४०,००० रुग्ण मोजले जातील. दोरीला दगड बांधून हा आरोग्यसेवक बारवेची खोली मोजतो, लांबी-रुंदी टिपतो आणि कागदावर गुणाकार करतो. हजार लिटर पाण्याला एक ग्रॅम टेमेफॉस, म्हणजे सायक्लॉप्स मारणारं औषध. काठावरून कुणीतरी ओरडतं, “पान्यात इख कालवतुया का रं?” तो वर न बघता पुन्हा गुणाकार तपासतो. महिन्याभरानं पुन्हा येऊन हेच करायचंय. पण त्याचं खरं मागणं वेगळंच आहे: पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, पाणी दोरानं शेंदा. नाहीतर हातपंप घ्या.

पायऱ्या बंद करणं गावाला जड जातं. तरी देशभर अशा कित्येक विहिरी बंद झाल्या. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये १५ उरले, तेही चाड आणि दक्षिण सुदानमध्ये.

परत आपल्या काळात या. सध्या मराठवाड्यातल्या बारवांमधला गाळ उपसला जातोय, दिवे लावले जातात, फोटो निघतात. चांगलंच आहे. फक्त एखाद्या बारवेच्या पायऱ्यांवर सिमेंटची ओबडधोबड भिंत दिसली, तर ती घालणाऱ्याला अडाणी म्हणण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा घोटा बघायला मागा.