कॅथार्सिस : विरेचन की शोधन?

‘कॅथार्सिस म्हणजे विरेचन’ हे समीकरण आम्ही सर्वांनीच साहित्यशास्त्राच्या वर्गात पाठ केले, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली. विरेचन हे आयुर्वेदाच्या पंचकर्मांपैकी एक, साध्या भाषेत जुलाब देणे. त्याचा शोकात्मिकेच्या प्रेक्षकाशी संबंध काय, हे मात्र आम्ही कधी विचारले नाही.

ग्रीक भाषेत ‘कथारोस’ म्हणजे शुद्ध, निर्मळ. त्याच कुळातले कॅथार्सिस म्हणजे शुद्ध करणे. हत्येचा विटाळ विधीने दूर करणे हे कॅथार्सिस. आणि हिपोक्रेटिसच्या नावावरील वैद्यकग्रंथांत शरीरातील दूषित द्रव्य बाहेर पडणे हेही कॅथार्सिसच. इंग्रजी वैद्यकात ‘कॅथार्टिक’ म्हणजे रेचक, ते याच दुसऱ्या अर्थाने.

अ‍ॅरिस्टॉटल हा वैद्याचा मुलगा. ‘पोएटिक्स’च्या सहाव्या प्रकरणात करुणा आणि भय यांच्या संदर्भात त्याने हा शब्द योजला, पण उलगडला नाही. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात मात्र, विशिष्ट संगीताने उन्मादग्रस्त माणसे जणू उपचार मिळावा तशी शांत होतात, असे तो म्हणतो. याच विधानाच्या आधारे याकोप बेर्नाइस याने १८५७ मध्ये वैद्यकीय अर्थाचा आग्रह धरला. त्यापूर्वी लेसिंगने भावनांचे सद्गुणांत रूपांतर, असा नैतिक अर्थ लावला होता. बेर्नाइसची पुतणी मार्था ही फ्रॉइडची पत्नी. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या हिस्टेरियावरील १८९५ च्या ग्रंथात ‘कॅथार्टिक’ उपचारपद्धती अवतरते. नाट्यगृहात गेलेला शब्द असा पुन्हा दवाखान्यात परतला.

‘विरेचना’च्या मुळाशी ‘रिच्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ रिकामे करणे. म्हणजे हा प्रतिशब्द स्वीकारताच आपण, नकळत, बेर्नाइसचा पक्ष घेतो. पण करुणा ही बाहेर टाकण्याजोगी मलिनता आहे काय? १९६२ मध्ये लिऑन गोल्डन याने कॅथार्सिसचा अर्थ बौद्धिक उमज असा लावला, तो ही शंका मनात जागवतो.

गंमत अशी, की आयुर्वेद विरेचनाची गणना ‘शोधन’ उपचारांत करतो. ज्या ‘शुध्’ धातूपासून ‘शोधन’ आले, त्याच धातूपासून ‘शुद्ध’ही आले आणि ‘शोध’ही. औषध, पावित्र्य आणि उमज हे तिन्ही अर्थ एका शब्दात सामावले असते. प्रतिशब्द हा नुसता पर्याय नसतो, तो अर्थनिर्णय असतो. पुढची टीप लिहिताना एवढे ध्यानात ठेवले, तरी आमचे पाठांतर सार्थकी लागले म्हणायचे.