बावखलांचा मुलूख

वसईच्या पश्चिम पट्टीत, म्हणजे पापडीकडून निर्मळ, नंदाखाल, आगाशी करत अर्नाळ्यापर्यंत गेले, की परक्या माणसाला हे गाव म्हणावे की शहर, असा प्रश्न पडतो. घरे पक्की, दारात दुचाकी, घरातली माणसे मुंबईत बँकेत नाही तर शाळेत नोकरीला. आणि घराच्या मागे केळी, माडपोफळी, अळूचे वाफे. अशा जागेला आपण सवयीने अर्धवट ठरवतो. काल खेडे होते, उद्या शहर होईल, तोवर हे असे. वसईच्या बाबतीत हा समज इतिहासाला धरून नाही. हा पट्टा शतकानुशतके शहरासाठी पिकवत, शहराच्या पैशावर जगत आला आणि तरी शहर झाला नाही. शहर जवळ नव्हते म्हणून तो वाचला, असे म्हणण्याची सोय नाही. शहर कायम उशाशीच होते. तो टिकला तो जमिनीच्या आणि पाण्याच्या एका विशिष्ट बांधणीमुळे, आणि ती बांधणी मोडू लागली तेव्हाच तो धोक्यात आला.

किंबहुना या वाड्यांनी दोन शहरे मरताना पाहिली आहेत. पहिले सोपारा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. दूरदेशी व्यापार करणारे ते बंदर पुढे गाळात गेले. दुसरे शहर किल्ल्यातले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. तटाच्या आत चर्चेस, मठ, फिदाल्गोंचे, म्हणजे पोर्तुगीज उमरावांचे, वाडे. तटाबाहेर त्यांना पोसणारी जमीन. इथला काळा दगड गलबतांतून गोव्याला जाई; जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीला तो लागला आहे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. बखरींचे आणि शाळेतल्या धड्यांचे लक्ष इथेच थांबते. पण जिंकलेले नगर हळूहळू ओस पडले, छपरे पडली, अंगणांत झाडे वाढली, आणि तटाबाहेरच्या वाड्या मात्र तशाच पिकत राहिल्या. धनी बदलला, गिऱ्हाईक बदलले. पोर्तुगीज वसईच्या जागी मुंबई आली.

मुंबईशी गाठ पक्की केली ती रेल्वेने. १८६४ साली सुरतेकडून आलेला मार्ग ग्रँट रोडपर्यंत जोडला गेला आणि १८६७ साली विरारहून बॅकबेला जाणारी गाडी सुरू झाली. लोकलचे आद्य प्रवासी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारकून येतो. वसईच्या बाजूने पाहिले तर माणसाइतकाच मालही दिसतो: दुधाची भांडी, भाजीच्या पाट्या, दादरच्या बाजाराला निघालेली फुले, ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची पाने. या मालाची जात नीट पाहावी. दूध, फूल, पान, पालेभाजी हे सगळे काही तासांत नासणारे. असा माल फार लांबच्या गावाला परवडत नाही आणि ऐन शहरात पिकत नाही. पहाटे खुडून सकाळी विकता येईल एवढ्याच अंतरावर त्याचे गणित बसते. तेव्हा वसईचे निमशहरीपण हा या पिकांचा हिशेब आहे. जो माल टिकावा लागे तोही इथे टिकाऊ करून विकला गेला. आगाशीची सुकेळी त्याचे उदाहरण. राजेळी केळी पुरती पिकवायची, सोलायची, पाऊस सरल्यावरच्या कोरड्या उन्हात मांडायची, दव पडायच्या आत झाकायची, दुसऱ्या दिवशी परतून पुन्हा मांडायची. तपकिरी, चिकट, मधासारखी झाली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधायची. साखरेचा कण न घालता हा गोडवा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरलाही आगाशीच्या सुक्या केळ्यांची दखल घ्यावीशी वाटली होती.

हे सारे उभे होते पाण्यावर. समुद्र हाकेवर, जमीन सखल, पावसाळ्यात चार महिने पाण्याचा धुमाकूळ आणि उरलेले आठ महिने कोरडे. वसईकरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे बावखल. वाडीच्या कडेला खोदलेले, गोलसर किंवा लांबट, हिरव्या पाण्याचे मोठे खोलगट तळे. खोदताना निघालेल्या मातीने वाडी नि घराचे जोते उंच व्हायचे आणि खड्ड्यात पाऊस साठायचा. पुढे त्यावर रहाट बसे, बैल नाही तर रेडा गोल फिरे, आणि पोहरे एकामागून एक पाटात रिकामे होत. पण बावखलाचे मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. साठलेले गोडे पाणी जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरी भरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. एकाचे बावखल बुजले की शेजाऱ्याची विहीर मचूळ होऊ लागते. त्यामुळे सातबारा वेगळे असले तरी पाणी सामाईकच होते, आणि माणसांना एकमेकांशी जमवून घ्यावे लागे.

या जमवून घेण्याची खूण भाषेतही सापडते. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची घरातली बोली एकच, कादोडी. चार शतकांहून अधिक काळ धर्म वेगळे असून बोली तुटली नाही. वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी यांच्या बोली वेगळ्या, पण बाजार आणि पाणी एक. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा कोणाकोणाच्या भुवया उंचावल्या; वसईची माहिती असणाऱ्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की हे वाडीवाल्यांचे चित्र झाले. वाडीत राबणारे हात बरेचदा पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या वारली, कातकरी, मल्हार कोळी मजुरांचे होते, आणि सामाईक पाण्याच्या गोडव्यात त्यांचा वाटा फारसा नव्हता. हे खरेच आहे, आणि हिरव्या वसईविषयी लिहिताना ते बहुधा गाळले जाते. पण त्यावरून ही बांधणी खोटी ठरत नाही, अन्यायाची ठरते. आणि बावखल बुजवून त्या मजुराच्या पदरी काही पडले असेही दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे: जमिनी कोणी विकल्या? वाडीवाल्यांनीच ना? विकल्या, हे उघड आहे. केळीपेक्षा फ्लॅटचा भाव जास्त आणि पुढच्या पिढीला कुदळ नको. शिवाय मुंबईत ज्यांना डोके टेकायला जागा परवडली नाही त्यांना नालासोपारा-विरारनेच घर दिले. त्यांना उपरे म्हणून हिणवणे मला तरी पटत नाही. वाद घर बांधण्याचा नाही. आधीचे गिऱ्हाईक इथला माल नेत होते, नवीन गिऱ्हाईक माल पिकवणारी व्यवस्थाच नेऊ लागले, हा फरक आहे.

आणि तो फरक टँकरने दाखवला. नव्या इमारतींना नळ नव्हते. मग वाड्यांतल्या विहिरींना मोठे पंप लागले आणि गोडे पाणी रात्रंदिवस पूर्वेकडे जाऊ लागले. उपसा वाढला तशा विहिरी खारावल्या. १९९०च्या सुमारास, सिडकोकडे नियोजन आले त्याच काळात, फादर दिब्रिटोंसह हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली ती या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा पश्चिमेच्या गावांनी पुन्हा विरोध केला. २९ गावे वगळण्याचा सरकारचा निर्णय २०११ साली झाला आणि वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून राहिला. विरोध करणाऱ्यांना तेव्हा जुनाट म्हटले गेले. पण कराची आणि मतांची बेरीज बाजूला ठेवली, तर त्यांचे म्हणणे साधे होते: आमच्या खड्ड्यांना खड्डे समजू नका. २०१८च्या जुलैमध्ये वसई-विरारच्या वसाहतींत दिवसच्या दिवस पाणी तुंबले, गाड्या बंद पडल्या, वीज गेली. ज्या खड्ड्यांत ते पाणी पूर्वी जाऊन बसायचे त्यांतले कित्येक तोवर भरावाखाली गेले होते, आणि बरीच बावखले खासगी जमिनीत असल्याने भराव टाकणाऱ्याकडे कागदही असायचा.